बेसाल्ट आणि बंडी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका हॉटेलच्या गच्चीवर त्या शनिवारी बेसाल्टचं गाणं ऐकायला वीसेक माणसं आली होती, आणि त्यातली निम्मी खरं म्हणजे जेवायला आली होती. विभावरी सबनीसला हे माईकसमोर उभं राहताच कळलं. तीस वर्षं स्टेजवर काढल्यावर समोरच्या माना गाण्यासाठी वर होतायत की वेटरसाठी, हे ओळखायला वेळ लागत नाही.

बेसाल्ट हा सांगलीचा बँड. इंजिनियरिंग कॉलेजातल्या चौघांनी तो सुरू केला तेव्हा मोबाइलला बटणं होती आणि मराठीत रॉक गायचं म्हटलं की लोक हसायचे. ड्रमवर अन्वर शिकलगार, गिटारवर सुधन्वा, बेस गिटारवर बाळू आवटी, आणि गायला विभा. नाव अन्वरने सुचवलेलं. रॉक म्हणजे दगड, आणि आपल्याकडचा दगड म्हणजे बेसाल्ट, एवढाच त्याचा युक्तिवाद. गाणी सगळी विभाची. इंजिनियरिंग अर्ध्यात सोडून ती मराठीकडे वळली ती या गाण्यांच्या पायी, आणि आता एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत होती. एके काळी पुण्यात आणि कोल्हापुरात त्यांच्या गाण्यांच्या ओळी मुलांच्या टी-शर्टवर असायच्या. गाणं सुरू झालं की पहिली ओळ विभाने म्हणायची, दुसरी समोरच्यांनी.

मग कानातले मणी आले. शेंगदाण्याएवढा मणी कानात बसवला की तो तुमची नाडी वाचायचा, तुमच्या मनाचा अंदाज घ्यायचा आणि तिथल्या तिथे तुमच्यासाठी गाणं रचायचा. तुम्ही जिना चढत असाल तर जिन्याचं, भांडून आला असाल तर भांडणाचं. ते एकदा वाजायचं आणि विरून जायचं. वाईट नसायचं, उलट बहुतेक वेळा सुरेखच असायचं. फक्त ते दुसऱ्या कुणालाच माहीत नसायचं. गेल्या वर्षी विभाने वर्गात विचारलं होतं, "तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय असं एक गाणं सांगा." वर्ग बराच वेळ विचारात पडला, आणि शेवटी एकीने शाळेतल्या प्रार्थनेचं नाव घेतलं.

रॉक मरतोय का, यावर पूर्वी लेख यायचे, परिसंवाद व्हायचे. आता तेही होत नव्हते.

त्या शनिवारी मात्र एक वेगळी गोष्ट घडली. स्पीकरच्या अगदी पायाशी, जिथे एरवी कुणी बसत नाही, तिथे पाच जण मांडी घालून बसले होते. मे महिन्याच्या उकाड्यातही पाचही जणांच्या अंगात जाडसर बंड्या होत्या, थंडीत म्हातारी माणसं घालतात तशा. ते मन लावून ऐकत होते असं म्हणावं, तर चुकीच्या जागी हसत होते. विभाच्या सर्वांत हळव्या ओळीला ते आपापसात हातवारे करत होते, आणि दोन कडव्यांमध्ये अन्वर ड्रमवर एकटाच काहीतरी खुडबुड करत होता तेव्हा त्यातल्या एकाने डोळे पुसले.

कार्यक्रम संपल्यावर त्यांच्यातली तिशीतली एक मुलगी पुढे आली. तिने हातांनी भराभर खुणा केल्या, मनगटातल्या पट्ट्यांनी त्या टिपल्या आणि तिच्या खिशातल्या फोनमधून एका प्रौढ बाईचा खणखणीत आवाज आला.

"नमस्कार. मी केतकी मगदूम. मिरजेत संशोधन करते. हा आवाज माझा नाही, मैत्रिणींनी मतदान करून निवडलाय. मला सांगतात की बातम्या दिल्यासारखा वाटतो."

"तुम्ही कर्णबधिर आहात?" विभाने विचारलं.

विभाचं बोलणं केतकीच्या चष्म्याच्या काचेवर अक्षरांत उमटलं असावं. ती हसली. "बहिरी म्हणा विभाताई, लहान शब्द आहे. जन्मापासून."

"मग इथे काय करत होता?" म्हणून झाल्यावर विभाला स्वतःचीच लाज वाटली.

"तेच सांगायला आले," बातम्यांच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही आणि अन्वरदादा एकदा मिरजेला या."

---

केतकीची प्रयोगशाळा एका संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर होती. तिथे खुंट्यांवर दहा-बारा बंड्या टांगलेल्या. केतकीने एक उलटी करून दाखवली. आतल्या अस्तरावर मोहरीएवढे शेकडो ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे थरथरू शकत होता.

"आपल्या कातडीत खोलवर कांद्यासारखे पापुद्रे असलेले बारीक कण असतात," तिने सांगायला सुरुवात केली. "त्यांना थरथर कळते. मोटार सुरू असलेल्या फ्रिजला हात लावला की जे कळतं ते त्यांच्यामुळे. कानाच्या मानाने त्यांची पोच कमी आहे. उंच स्वर त्यांना कळत नाहीत, दोन जवळच्या स्वरांतला फरक तर मुळीच कळत नाही. पण खरखरीत काय, गुळगुळीत काय, आणि कोणता ठोका आधी पडला, कोणता नंतर, हे त्यांना फार बारकाईने कळतं. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याचा फरकसुद्धा."

ड्रम पोटावर, बेस कमरेत, गिटार खांद्यांच्या फऱ्यांवर, अशी बंडीने वाद्यं अंगभर वाटून दिली होती. विभाने एक घालून पाहिली. तिला अंगावर मुंग्या चढल्यासारखं वाटलं, बाकी काही नाही.

"तुम्हाला तेवढंच वाटणार," केतकी म्हणाली. "तुमच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग कानांनी व्यापलेला आहे. आमचा मोकळा असतो, पण रिकामा बसत नाही. जन्मतः बहिऱ्या माणसाच्या तळव्याला थरथर दिली तर मेंदूतला तोच ऐकायचा भाग जागा होतो, हे पूर्वीपासून माहीत होतं. आम्ही फक्त त्याला रोजचं काम दिलं. सहा-सात महिने बंडी घातली की मुंग्या जातात. मग जे येतं त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते मला माहीत नाही. आम्ही संगीतच म्हणतो."

अन्वर खुर्चीवर पुढे सरकला. "पण मग आम्हीच का? कानातला मणी लावा की त्याला जोडून. फुकट गाणी मिळतील."

"लावला होता. दोन मिनिटं छान वाटतं, मग काहीच वाटत नाही. तुम्ही सकाळी शर्ट घालता, तो अंगावर आहे हे दुपारी कळतं का? कातडी एकसारख्या गोष्टी विसरते. मणी अगदी मोजून मापून वाजवतो, म्हणून तो अंगावरून पुसला जातो. मग आम्ही त्यात मुद्दाम चुका घातल्या. तेही जमलं नाही, कारण त्या चुका एकट्या-एकट्या होत्या. मग जुन्या बँडांची रेकॉर्डिंगं लावून बघितली, आणि तुमच्यापाशी येऊन थांबलो. अन्वरदादा कडव्याच्या शेवटी किंचित रेंगाळतात. ते रेंगाळले की बेसवाले त्यांच्यासाठी थांबतात, आणि गिटारवाल्यांना ते आवडत नाही म्हणून ते पुढे ओढतात. ती ओढाताण कातडी विसरत नाही. तीन माणसं पाठीवर भांडतायत असं वाटतं."

अन्वर विभाकडे बघून म्हणाला, "आणि रेंगाळतो म्हणून ही मला तीस वर्षं शिव्या देतीये."

"उद्या यंत्रालाही हे जमेल," केतकी म्हणाली. "जमलं तर जमलं. पण आम्हाला आज हवंय, आणि आज ते तुमच्याकडे आहे."

विभा इतका वेळ एका प्रश्नाची वाट बघत होती. कुणी विचारेना, तेव्हा तिनेच विचारलं. "आणि माझा आवाज?"

केतकीचे हात क्षणभर मांडीवर राहिले. मग तिने हळूहळू खुणा केल्या, पण फोनमधल्या बाईंना हळू बोलता येत नव्हतं.

"तुमचा आवाज गळ्याभोवती येतो. कॉलर टोचल्यासारखा. आम्ही बहुतेक जण तो बंद करून ठेवतो."

---

महिन्याभरात केतकीचं रीतसर बोलावणं आलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या बहिऱ्या तरुणांचा मेळावा यंदा सांगलीत होता, मार्केट यार्डाजवळच्या एका मोकळ्या पडलेल्या हळदीच्या गोदामात. चारशे जण यायचे होते. त्यांना बेसाल्ट हवा होता. फक्त वाद्यं.

अन्वरचं मिरज रस्त्यावर गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं दुकान होतं, आणि मागच्या शेडमध्ये बँडचा सराव चालायचा. चौघं तिथे जमले. दातांचा दवाखाना लवकर बंद करून सुधन्वा आला होता. बाळू बेसच्या तारा पुसत बसला होता. कुणी विषय काढेना.

"सरळ बोला की," विभा म्हणाली. "तुम्हाला जायचंय."

"जायचंय," अन्वर म्हणाला. "चारशे माणसं, विभा. शेवटची चारशे माणसं कधी बघितली होती आपण?"

"ती बेसाल्टला नाही बघायला येणार. बेसाल्ट म्हणजे गाणी, गाणी म्हणजे शब्द. ते काढून टाकले की उरतो तो नुसता खडखडाट."

अन्वरने हातातलं फडकं खाली ठेवलं. तो चिडला की आवाज चढत नसे, उलट उतरायचा. "तो खडखडाट मी तीस वर्षं वाजवतोय."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं, आणि त्यात माझी तक्रार नाही. लोक तुझ्याकडे बघायचे, तुझी ओळ म्हणायचे, मी मागे होतो. बरं वाटायचं मला तिथे. पण परवा त्या केतकीने विचारलं, तिसऱ्या गाण्यात मध्येच उजवा पाय का थांबवला म्हणून. मी का थांबवला ते मला माहीत होतं, विभा. आजवर कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा."

विभाला माहीत होतं, ते खरं होतं. तिने पर्स उचलली. "मग वाजवा माझ्याशिवाय," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी जाऊन ती रडली नाही. तिने भांडी घासली, उद्याच्या तासाची तयारी केली, आणि बेसाल्टचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्यांदाच तिने स्वतःचा आवाज सोडून बाकीच्या तिघांकडे कान दिला. तिसऱ्या गाण्यात अन्वरचा उजवा पाय खरोखरच थांबत होता. तिच्या ओळीत 'परत' हा शब्द यायचा, आणि तो शब्द मोकळ्यावर पडावा म्हणून तो थांबत होता. तिने ते रेकॉर्डिंग तिथेच बंद केलं.

---

पुढच्या आठवड्यात ती अकरावीला वर्णमाला शिकवत होती. मुलं कानात मणी घालून बसली होती आणि तिला त्याची सवय होती. फळ्यावर तिने क पासून म पर्यंतची पंचवीस व्यंजनं लिहिली आणि दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "यांना आपल्या व्याकरणात स्पर्श व्यंजनं म्हणतात, कारण ही उच्चारताना जीभ, दात, टाळू, ओठ यांचा एकमेकांना स्पर्श होतो."

खडू फळ्यावर तसाच राहिला. स्पर्श. पुढे कंपित, त्यापुढे घर्षक. जोराचा श्वास लागतो ते महाप्राण. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बसून आपल्या भाषेतल्या आवाजांची वर्गवारी केली होती, आणि ती कानाला कसं लागतं यावरून केली नव्हती. कुठे काय टेकतं, घासतं, थरथरतं, यावरून केली होती. वीस वर्षं ती हे शिकवत आली होती.

"मॅडम, पुढे?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"पुढचं उद्या," विभा म्हणाली. त्या दुपारी ती मिरजेला गेली.

केतकीने सगळं चष्म्यात वाचून घेतलं. मग ती उठून विभाजवळ आली, आणि परवानगी विचारून तिने आपला तळहात विभाच्या छातीच्या हाडावर ठेवला.

"गा," बातम्यांच्या बाई म्हणाल्या.

विभाने आपली सर्वांत गाजलेली ओळ गायली. केतकीने मान हलवली, नाही. विभाने सूर सोडला आणि नुसतंच म्हटलं, "ढ." केतकीच्या भुवया वर गेल्या. "ठ. घ. भ." प्रत्येक वेळी केतकीचा हात किंचित दचकत होता. 'ळ'ला तिने हात काढून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा कसा आहे? गोटा तोंडातल्या तोंडात फिरवल्यासारखा. परत म्हणा."

त्या दिवसापासून विभा कॉलेज सुटलं की मिरजेला जाऊ लागली. आयुष्यभर जे कमावलं होतं ते तिथे उपयोगाचं नव्हतं. लांबवलेला शुद्ध स्वर बंडीत शर्टासारखा विसरला जायचा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणारी मींड नुसतीच गुदगुली करायची. उलट जे तिने कायम टाळलं होतं, ज्याला ती गुरगुरणं म्हणून नावं ठेवायची, तो घशाच्या तळातून खरवडून काढलेला आवाज अंगावर काथ्याच्या दोरासारखा उमटायचा. पन्नासाव्या वर्षी ती गुरगुरायला शिकली. शेजारच्या पाटीलकाकूंनी दोनदा काढा आणून दिला.

आवाज अंगावर कुठे द्यायचा, यावरून दोघींचा वाद झाला. विभा म्हणाली, तळहातावर द्या, तिथली कातडी सर्वांत तल्लख असते ना.

केतकीने साफ नकार दिला. "आम्ही हातांनी बोलतो, विभाताई. तुम्ही बोलत असताना कुणी तुमच्या तोंडात बोट घालून हलवत बसलं तर चालेल?"

विभा ओशाळली. "मग गळा का निवडला होता?"

"तो आमच्या आधीच्या इंजिनियरने निवडला. त्याला ऐकू येतं. त्याला वाटलं, आवाज गळ्यातून निघतो तर गळ्यालाच पोचवावा." मग तिने आपल्या दोन्ही बरगड्यांवर हात ठेवले. "इथे देऊन बघू. रडताना आणि हसताना हेच हलतं."

नुसती अक्षरं बडबडत राहणं विभाला जमण्यासारखं नव्हतं. शब्दांशिवाय तिला करमत नसे. म्हणून ती असे शब्द शोधू लागली ज्यांना अर्थही आहे आणि टोकंही. रात्री जेवल्यावर ती ओट्याशी उभी राहून पुटपुटत असे आणि एक हात बरगडीवर ठेवून तपासत असे. 'घाट चढला ढग, ढगाला लागली ठेच' ही ओळ तिला अशीच सुचली. तिने केतकीला चष्मा काढायला लावून ती बंडीतून दिली आणि काही सांगितलं नाही.

"कुणीतरी अवजड वर चढतंय," केतकी म्हणाली, "आणि अडखळलं."

विभाने तिला कागद दाखवला. केतकीने तो वाचला आणि आपली बंडी चाचपली, जणू तिच्या आतल्या खिशात तो आधीच कुणी घालून ठेवला होता.

---

सरावाच्या शेडमध्ये विभा परत गेली तेव्हा तिघं वाजवत होते. तिला बघून थांबले. अन्वरने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"एक नवीन केलंय," विभा म्हणाली.

अन्वरने कान टवकारले. "घसा बसलाय का?"

"बसवलाय."

ती चार ओळी गुरगुरली. सुधन्वाने तोंड वळवलं, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. बाळू कधीच काही बोलत नसे, तो म्हणाला, "भीती वाटली जरा." अन्वर मात्र हसला नाही. त्याने पहिल्या ओळीखाली एक ठेका धरला, मग मोडला, मग दुसरा धरला.

"तिसऱ्या गाण्यातला तुझा पाय," विभा म्हणाली. "'परत' मोकळा पडावा म्हणून थांबायचास ना?"

"कळायला वेळ लागला तुला," अन्वर म्हणाला. "चल, पहिल्यापासून घे."

---

मेळावा भर दुपारी सुरू झाला. गोदामात लाकडी फळ्यांची जमीन घातली होती. बंडी बारकावे देते, पण वजन जमिनीतूनच यायला हवं, असा केतकीचा आग्रह होता, म्हणून मोठे स्पीकर फळ्यांवर पालथे टेकवले होते. पहिला ठोका पडताच तुळयांवर वर्षानुवर्षं साठलेली हळद खाली झडली आणि साऱ्या गोदामात पिवळा धुरळा तरंगू लागला.

पहिली तीन गाणी नुसती वाद्यांची होती. विभा पडद्याआड उभी राहून बघत होती. तिला आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय. चारशेतले कितीतरी जण स्टेजकडे पाठ करून उभे होते. कुणी डोळे मिटले होते, कुणी मित्राच्या पाठीला पाठ लावली होती, चार-पाच जणी लाकडी जमिनीवर सरळ आडव्या झाल्या होत्या. इतकी वर्षं तिने चेहऱ्यांसाठी गायलं होतं. इथे तिला चेहरा द्यायला कुणी तयार नव्हतं.

चौथ्या गाण्याला ती माईकपाशी गेली. कुणी वळून पाहिलं नाही. तिने पहिली ओळ सोडली, आणि तिला समोरच्या पाठी दिसल्या. ढगाच्या 'ढ'वर खांदे एकदम वर झाले आणि खाली आले, गव्हाच्या शेतावरून वारा जावा तसे, पुढच्या रांगेपासून भिंतीपर्यंत. तिने 'ळ' लांबवला तेव्हा एका मुलीने दोन्ही हात बरगड्यांवर घट्ट दाबून धरले. चेहरे सभ्यपणाने हसू शकतात, टाळी वाजवू शकतात. पाठींना ते जमत नाही. विभाच्या आवाजात जोर आला.

शेवटच्या कडव्यात तिचा घसा दगा देऊन गेला. एका शब्दाच्या ऐन मध्यावर आवाज फुटला आणि हवा तेवढी राहिली. तिने अन्वरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने हात रोखले होते. बाळू त्याच्यासाठी थांबला होता, सुधन्वाने एक तार छेडून ती तशीच झुलती ठेवली होती, आणि सगळं गोदाम एक पाय उचलल्यासारखं पुढे झुकून त्या चौघांबरोबर थांबलं होतं. तिने श्वास घेतला. उरलेला अर्धा शब्द टाकला. चौघंही एकदम त्यावर कोसळले.

मग समोरच्या पाठी वळल्या. चारशे जणांनी हात वर केले आणि हवेत हलवले. टाळ्यांचा आवाज नव्हता, नुसते पिवळ्या धुरळ्यात हलणारे हात. विभाने शिकलेल्या थोड्याफार खुणांतली एक करून पाहिली. ती चुकीची झाली असावी, कारण पुढच्या रांगा खदखदून हसल्या.

मध्यंतरात गोदामाच्या दारात एक हवालदार येऊन उभे राहिले. नाव घोरपडे. शांतपणे त्यांनी आत नजर फिरवली आणि विभाला बाजूला बोलावलं.

"मॅडम, समोरच्या सोसायटीतनं तक्रार आलीय. भिंतीवरच्या फ्रेमा हलतायत म्हणे."

"काय म्हणाले अजून?"

घोरपड्यांनी जरा संकोचून सांगितलं, "म्हणाले, गाणं म्हणून नुसता गोंगाट चाललाय."

बेसाल्टला कुणी गोंगाट म्हटलं, त्याला वर्षं लोटली होती. गेली पंधरा वर्षं लोक विभाला भेटायचे आणि म्हणायचे, अजून गाता का, वा, छान, आमच्या कॉलेजच्या आठवणी जाग्या झाल्या. त्या 'छान'ने तिला जेवढं थकवलं होतं तेवढं रिकाम्या खुर्च्यांनी थकवलं नव्हतं.

"अन्वर," तिने हाक मारली, "इकडे ये. आपली तक्रार आलीय."

अन्वर घाम पुसत आला. "कुणाची?"

"बेसाल्टची. गोंगाट करतो म्हणून."

अन्वरने घोरपड्यांचा हात हातात घेतला आणि लग्नघरात व्याह्याचा दाबावा तसा दाबला. घोरपडे गोंधळले. तेवढ्यात केतकी आली. काय झालं ते तिने चष्म्यात वाचलं आणि खुणा केल्या.

"आम्ही सगळे बहिरे आहोत, साहेब. आम्हाला काहीच ऐकू येत नाही," बातम्यांच्या बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

घोरपडे आधी फोनकडे, मग केतकीकडे, मग आतल्या चारशे जणांकडे बघत राहिले. "ऐकू येत नाही," ते म्हणाले, "तर मग एवढा आवाज कशाला?"

"त्यांच्यासाठीच," विभा म्हणाली. "सोसायटीतल्या लोकांना हा गोंगाट वाटणार, त्यांचं बरोबर आहे. त्यांच्यासाठी नाहीच आहे हे. तीन गाणी राहिलीत, साहेब."

घोरपड्यांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी कुतूहलाने आपला पालथा हात दाराच्या चौकटीवर टेकवला आणि तिथेच उभे राहिले. "आटपा," ते म्हणाले, "मी आहे इथे."

त्या वर्षी बेसाल्टने कोल्हापूर, सोलापूर, नाशिक आणि पुण्यात वाजवलं, पुढच्या वर्षी हुबळीपर्यंत गेले. त्यांचे जुने चाहते एकदा येऊन बघायचे आणि कान झाकून परत जायचे. जवळजवळ प्रत्येक गावात कुणी ना कुणी पोलिसांत तक्रार केली. सोलापूरच्या मेळाव्यात तर मध्यंतरापूर्वीच तीन जणांनी केली, आणि त्या संध्याकाळी विभाने बँडमधल्या सर्वांना आपल्याकडून जेवायला घातलं.